विचारलं तेवढंच

बसस्थानकातल्या तीन नंबरच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सारं शहर ओळखायचं, पण चेहऱ्याने नाही. खिडकीच्या काचेला खाली एक अर्धगोल भोक होतं. त्यातून बोलायचं तर माणसाला कमरेत वाकावं लागायचं, आणि वाकलेल्या माणसाला बाईंच्या मनगटावरचं घड्याळ, टेबलावरचा डबा आणि पिळे पडलेल्या वायरचा टेलिफोन एवढंच दिसायचं. आवाज मात्र लहानथोरांच्या कानात पक्का बसलेला. भाजीच्या दुकानात बाई नुसतं "ताजी आहे का?" म्हणाल्या तरी शेजारचं गिऱ्हाईक पिशवी उचलून दाराकडे बघायचं, आपली गाडी लागली की काय म्हणून.

त्यांना सगळे चौकशीबाई म्हणत. पगारपत्रकावर वेगळं नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतंच.

एकोणीस वर्षं त्या या खिडकीत होत्या. शेजारी वेळापत्रकाचं जाडजूड रजिस्टर असायचं. जुन्या पानांवर नव्या चिठ्ठ्या आणि त्या चिठ्ठ्यांवर आणखी चिठ्ठ्या चिकटवून त्याचं पोट फुगलेलं होतं. चौकशीबाईंनी ते उघडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. कुठली गाडी कुठून सुटते, कुठे किती मिनिटं थांबते, कुठल्या फाट्यावर उतरलं की पलीकडची गाडी सापडते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. नवे चालक तर आपल्याच गाडीचा रस्ता त्यांना विचारून निघत. आणि गंमत म्हणजे ज्या गावांच्या गाड्या त्या दिवसभर पुकारत, त्यातली चार गावंसुद्धा त्यांनी पाहिलेली नव्हती.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्याने त्यांना एक गाडी विचारली होती. चौकशीबाई तेव्हा नव्या होत्या, उत्साह उतू जात होता. त्यांनी गाडी सांगितली, पुढची गाडी सांगितली, मधल्या स्थानकात पाणी कुठे मिळतं, सावलीचं बाकडं कुठलं, सगळं सांगितलं. तोवर मागे रांगेत दोघे जण हातघाईवर आले. हेडक्लार्क धावत आले आणि म्हणाले, "बाई, इथे ज्ञान वाटायला बसवलेलं नाही तुम्हाला. विचारलं तेवढंच सांगायचं. ज्याला पुढचं हवं असेल तो पुढचं विचारेल." बाईंनी कानाला खडा लावला. त्या दिवसापासून त्यांची उत्तरं दोन शब्दांच्या वर गेली नाहीत. आहे. नाही. चार नंबरला. गेली.

घरी तर तेवढीही वेळ यायची नाही, कारण घरी त्यांना कोणी काही विचारतच नव्हतं.

घर म्हणजे एका इमारतीतले दोन मजले. खालच्या मजल्यावर चौकशीबाई, त्यांचे यजमान, पंधरा वर्षांची लेक आणि सासूबाई. वरच्या मजल्यावर थोरले दीर आणि जाऊबाई. यजमान चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. दिवसभर बारीक काम करून त्यांचं बोलणंही बारीक झालेलं. थोरले दीर एका मोठ्या गोदामाचे व्यवस्थापक. तिथे हजारो खोकी, प्रत्येक खोक्याला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला जागा. माणूस वाईट नव्हता, उलट घरासाठी राबणारा होता. पण घरातल्या माणसांनाही त्यांनी मनातल्या मनात एकेका फळीवर ठेवून दिलं होतं, आणि चौकशीबाईंची फळी खालून दुसरी होती. कुठे जायचं ठरलं की दीर ठरवणार, जाऊबाई बॅगा भरणार, यजमान त्या उचलणार आणि चौकशीबाई डबे करणार. शहरातली हजार माणसं रोज जिला विचारून घराबाहेर पडायची, तिला तिच्याच घरात कुणी गाडी विचारू नये, याचं त्यांना वाईट वाटायचं. त्या ते कधी बोलून दाखवत नसत, पण वाटायचं.

यंदा विषय निघाला तो सासूबाईंमुळे. रविवारी सगळे जेवणाच्या टेबलाभोवती होते आणि सुट्टीत कुठे जायचं यावर खल चालला होता. सासूबाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

"मला माझ्या गावी जायचंय. समुद्रावर."

त्यांचं गाव म्हणजे खाडीपलीकडे वाळूच्या पट्ट्यावर वसलेलं एवढंसं ठिकाण. त्यांचे वडील तिथल्या दीपगृहाचे रखवालदार होते. वयाच्या नवव्या वर्षापर्यंत सासूबाई त्या दिव्याखाली वाढल्या. मग वडिलांची बदली झाली, आणि त्यानंतर तिकडे पाऊल पडलं नाही. गेली सहा वर्षं त्या हे मागत होत्या आणि सहा वर्षं त्यांना "पुढच्या वर्षी नक्की" ऐकायला मिळत होतं. एकदा नातीची परीक्षा आडवी आली, एकदा जाऊबाईंचं ऑपरेशन, एकदा छत गळायला लागलं. एका वर्षी तर निघालेसुद्धा होते; वाटेत पूल दुरुस्तीला असल्याचं कळलं आणि दिरांनी निम्म्या रस्त्यातून भाड्याची गाडी मागे वळवली. ठरवलेल्यात एक गोष्ट जरी हलली तरी दिरांचं सगळं अवसान गळायचं. गोदामातून खोकं हरवल्यासारखा चेहरा करून ते म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

"आई, तिकडे पोचणं फार अवघड आहे," ते आत्ताही म्हणाले. "पुढच्या वर्षी नीट—"

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी माझा फोटोच न्यावा लागेल. तो बरा, हलका असतो, बॅगेत मावतो."

लेकीला हसू आलं, ते तिने कसंबसं दाबलं. दिरांनी मात्र त्याच संध्याकाळी पारदर्शक फाइल काढली, तिला रंगीत पट्ट्या लावल्या आणि कामाला लागले.

खरं सांगायचं तर त्यांनी काम चोख केलं. त्या गावी एकच विश्रामगृह, खोल्या तीन. मालकाचा फोन फक्त गच्चीवर लागायचा आणि मालक गच्चीवर फक्त संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढायला जायचा. दिरांनी पाच संध्याकाळी घालवून त्याला गाठलं. मोठ्या मिनतवारीने दोन रात्रींसाठी खोल्या मिळाल्या, त्यापुढे दुसरी मंडळी येणार होती. खाडीत ओहोटीला नुसता चिखल, म्हणून बोट भरतीलाच सुटते आणि दिवसातून एकदाच, हेही त्यांनी शोधून काढलं. कुठल्या तारखेला किती वाजता भरती, याचा तक्ता मिळवला. आदल्या दिवशी दुपारी रेल्वेने जंक्शनला जायचं, तिथे मुक्काम करायचा, सकाळी बसने खाडीचा धक्का गाठायचा आणि तिथून बोटीने गाव. असा बेत.

बसचं तेवढं राहिलं होतं. चौकशीबाई ओट्याशी भाजी चिरत होत्या.

"अगं," दिरांनी फाइलमधून डोकं वर न काढता विचारलं, "जंक्शनवरून सकाळी सहाला धक्क्यापर्यंत गाडी आहे ना?"

"आहे."

"वेळेवर सुटते?"

"सुटते."

दिरांनी दोन ठिकाणी बरोबरच्या खुणा केल्या आणि पान उलटलं. ती गाडी दर बुधवारी आगारात तपासणीला जाते आणि त्या दिवशी सुटत नाही, हे चौकशीबाईंना आपल्या जन्मतारखेइतकं पाठ होतं. पण तारखा अजून दिरांच्या फाइलबाहेर आल्या नव्हत्या. वार कुणी विचारला नव्हता, आणि न विचारलेलं सांगायची जिभेची सवय एकोणीस वर्षांपूर्वीच मोडली होती.

आठवड्याने घराच्या ग्रुपवर दिरांचा लांबलचक संदेश आला. बाई खिडकीत डबा खात होत्या. सहाच्या गाडीपुढे वार होता बुधवार. घास तोंडातच राहिला.

संध्याकाळी त्या वरच्या मजल्यावर गेल्या. दीर बॅगांना लावायच्या चिठ्ठ्या कापत बसले होते. "भाऊजी, त्या सहाच्या गाडीचं—" एवढं म्हणेपर्यंत त्यांनी कात्री वर केली.

"गाड्यांचं झालंय सगळं. तू त्यात डोकं घालू नकोस. तू आईच्या औषधांचं बघ, आणि सांगितलं तेवढं कर म्हणजे झालं."

चौकशीबाईंची कानशिलं तापली. त्या आल्या पावली खाली आल्या. बरं तर बरं, त्यांनी मनात म्हटलं, आता विचारतील तेव्हाच सांगेन. भरतीचे तक्ते शोधणारा माणूस वार तपासल्याशिवाय राहील का? तपासेलच, आणि मग जिना उतरून माझ्याकडे येईल. अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. अकरा दिवस त्या मूग गिळून बसल्या. रोज सकाळी वाटायचं, आज सांगून टाकू. रोज संध्याकाळी दीर एखादी नवी सूचना देऊन जायचे आणि बाईंचे ओठ पुन्हा घट्ट मिटायचे. यजमानांनी एकदा चष्म्यावरून बघत विचारलं, "काही बोलायचंय का?" बाई म्हणाल्या, "नाही." दीर काही जिना उतरून आले नाहीत.

आणि बघता बघता बुधवार उजाडला. सहा माणसं आणि नऊ बॅगा पावणेसहालाच जंक्शनच्या बसस्थानकात हजर. सासूबाईंनी ठेवणीतली निळी साडी नेसली होती. सहा वाजले. सव्वासहा वाजले. फलाट क्रमांक दोन रिकामा होता आणि झाडूवाला निवांत झाडत होता. दिरांनी त्याला गाडीचं विचारलं.

"आज बुधवार," तो म्हणाला. "आज कुठली? आता अकराची."

अकराची गाडी धक्क्यावर पोचणार दीड वाजता. बोट सव्वानऊची. दीर टॅक्सीसाठी धावले. जंक्शनला टॅक्स्या दोन, दोन्ही पहाटेच्या रेल्वेच्या प्रवाशांनी नेलेल्या. ते परत आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"तू 'आहे' म्हणाली होतीस!" ते चौकशीबाईंवर ओरडले. "मी विचारलं होतं. खूण केलीय मी इथे!"

उत्तर बाईंच्या जिभेवर तयार होतं. तुम्ही वार विचारला नव्हता. चोख, बिनतोड आणि नियमाला धरून असलेलं उत्तर. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर सासूबाईंकडे गेली. त्या एका बॅगेवर बसल्या होत्या, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, आणि काहीही म्हणत नव्हत्या. सहा वर्षांत सहा वेळा त्यांनी हेच केलं होतं. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बुधवारी ती गाडी नसते, हे मला माहीत होतं. अकरा दिवस माहीत होतं. रागाने बोलले नाही. चूक माझी आहे."

जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला. दिरांना इतकं सरळ उत्तर अपेक्षित नसावं, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला. "झालं तर मग. आता उद्याच्या बोटीने जाऊन परवा सकाळी खोल्या सोडायच्या, म्हणजे नुसती दगदग. साडेनऊची रेल्वे आहे परतीची. पुढच्या वर्षी—"

"थांब रे," सासूबाई म्हणाल्या. "परत कशाला? जिला हे माहीत होतं, तिलाच पुढचं विचारा की."

दिरांनी नजर फाइलमध्ये घातली. तेव्हा सासूबाईंनीच मान वर करून सुनेकडे पाहिलं.

"सांग गं. बोट मिळेल का?"

"मिळेल," चौकशीबाई म्हणाल्या. आणि सवयीने थांबल्या. मग एक श्वास घेतला आणि जे एकोणीस वर्षं केलं नव्हतं ते केलं, पुढचंही बोलल्या. "सहा पस्तीसला खाणीची गाडी आहे, समोर पाच नंबरला लागेल. तिने दूध केंद्राच्या फाट्यावर उतरायचं, सहा पंचावन्नला. तिथून हमरस्त्याने बंदराची जलद गाडी जाते, सात दहाला. ती जंक्शनला येतच नाही, बाहेरून जाते, म्हणून ती कुणाच्या ध्यानात येत नाही. तिने मिठागराच्या फाट्यावर साडेआठला. तिथून धक्का चार किलोमीटर. मिठागराच्या कामगारांची बस पावणेनऊला सुटते, ती धक्क्यावरूनच जाते. नऊला धक्का. सव्वानऊला बोट."

"पण खाणीची गाडी उलट्या दिशेला जाते!" दीर म्हणाले.

"हो. उलट्या दिशेला."

"अगं, समुद्र तिकडे आणि तू आम्हाला इकडे—"

"ती सांगते त्या गाडीत चढा," सासूबाई म्हणाल्या आणि बॅगेवरून उठल्यासुद्धा.

हातात बारा मिनिटं होती. खात्री करून घ्यावी म्हणून चौकशीबाई तिथल्या चौकशीच्या खिडकीकडे धावल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या काचेच्या या बाजूला उभ्या होत्या. अर्धगोल भोकाशी वाकल्या आणि त्यांनी एका दमात विचारलं, "सहा पस्तीसची खाण वेळेवर आहे का, बंदर जलद मागच्या स्थानकातून सुटली का, किती उशिरा आहे, आणि मिठागराची बस आज चालू आहे ना?"

आतला माणूस पेन खाली ठेवून उभा राहिला. चांगला आडवातिडवा, मिशाळ. रोज सकाळी पावणेआठला जंक्शनहून टेलिफोन यायचा, कुठली गाडी किती उशिरा आहे ते सांगायला. कितीतरी वर्षं यायचा. त्या बारीकशा आवाजाचा मालक बाईंनी नेहमी हाडकुळा आणि चष्मेवाला कल्पिला होता.

"तीन नंबर?" त्याने विचारलं.

"हो. जंक्शन?"

"बाई, तुम्ही! खिडकीबाहेर!" त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पण लगेच धंद्यावर आला. "खाण वेळेवर. बंदर जलद सुटली, पाच मिनिटं उशिरा. मिठागर चालू." उत्तर संपलं होतं. विचारलेलं सगळं त्याने सांगितलं होतं. बाई वळणार तेवढ्यात त्याने काचेवर बोटं वाजवली. "आणि ऐका. ती जलद गाडी पहिल्या तारखेपासून दूध केंद्राला थांबत नाही. परिपत्रक तुमच्याकडे अजून आलं नसेल. मी वाहकाला आत्ता फोन करतो. हात करून उभ्या राहा, रस्त्याच्या डाव्या अंगाला, झाडाच्या पुढे, म्हणजे लांबून दिसाल."

त्याने हे सांगितलं नसतं तर जलद गाडी सहा माणसांच्या नाकासमोरून धूळ उडवत निघून गेली असती. बाईंना "धन्यवाद" म्हणायचं होतं, पण पाच नंबरला गाडी लागली होती; त्यांनी नुसतेच हात जोडले.

खाणीच्या गाडीत दीर खिडकीशी बसून मागे जाणारं जंक्शन पाहत होते. समुद्रापासून लांब जाणारा एकेक मैलाचा दगड त्यांच्या जिवावर येत होता. दूध केंद्राच्या फाट्यावर सगळे उतरले तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. दुधाच्या रिकाम्या कॅनांची एक रांग होती आणि पुढे हमरस्ता. बाईंनी सगळ्यांना झाडापुढे ओळीने उभं केलं. सात दहा झाले. सव्वासात झाले. सात अठरा झाले. दीर घड्याळ इतक्या वेळा बघत होते की लेक म्हणाली, "काका, ते झिजेल."

सात वीसला वळणावर गाडी दिसली. भरधाव. ती थांबेल असं तिच्या एकंदर ढंगावरून मुळीच वाटेना. सहाही जणांनी हात वर केले. सासूबाईंनी तर छत्री हवेत धरली. गाडी पुढे गेली, आणि मग पन्नास पावलांवर करकचून थांबली. वाहक पायरीवरून ओरडला, "तीन नंबरवाल्या बाई कोण?"

"आम्ही!" यजमान ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता.

मिठागराचा फाटा आला तेव्हा आठ चाळीस झाले होते. कामगारांची बस निघायच्या बेतात, आत दाटीवाटी. मुकादम म्हणाला, बाहेरच्यांना घेत नाही. तेव्हा चौकशीबाई पायरीजवळ गेल्या आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने विचारलेलं नव्हतं, तरी सांगितलं. सासूबाई कोण, दीपगृह कुठलं, किती वर्षं झाली, चूक कुणाची. मुकादमाने डोकं खाजवलं. आतल्या दोन बायांनी आधीच उठून जागा केली होती. "चढा, चढा," त्या म्हणाल्या, "आजींना इकडे द्या." नऊ बॅगा मांडीवर, डोक्यावर, पायांत कुठे कुठे गेल्या. जाऊबाईंच्या एका बॅगेची चेन तुटली आणि सगळ्यांचे टॉवेल कामगारांच्या हातांतून फिरत पुढे आले. दिरांच्या मांडीवर कुणाची तरी घमेली होती. ते त्या घमेल्यांच्या ढिगावरून वाकले आणि हळूच म्हणाले, "अगं, धक्का कुठल्या बाजूला येईल?"

"उजव्या," बाई म्हणाल्या. "उतरताना पायरी उंच आहे, आईंचा हात धरा. आणि फाइल जपा, वारा असतो."

दिरांनी फाइल शर्टाच्या आत घातली.

नऊ वाजून आठ मिनिटांनी ते धक्क्यावर होते. पाणी काठोकाठ चढलं होतं आणि नावाडी दोर सोडत होता. लेक बॅगा टाकून पुढे पळत सुटली. "काका, थांबा, सहा जण आहोत, आजी आहे आमच्याबरोबर!" नावाड्याने दोर पुन्हा खुंट्याला घातला. सासूबाईंना दोघांनी उचलूनच बोटीत ठेवलं. यजमान, दीर, जाऊबाई, नऊ बॅगा. सगळ्यात शेवटी चौकशीबाई चढल्या. आजवर त्यांनी हजारो माणसांना गाडीत चढवलं होतं, आणि सगळ्यांच्या शेवटी चढायचं हे आपोआपच झालं.

बोट निघाली. खाडी रुंद होत गेली, पाण्याचा रंग बदलला, आणि एका वळणानंतर समोर समुद्र आला. नुसता समुद्र, डावीकडून उजवीकडे. वाळूच्या टोकाला पांढरा मनोरा. ओल्या फळीवर सासूबाईंनी हात घट्ट दाबून धरला होता. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. दीर समोर बसले होते. त्यांनी शर्टातून फाइल काढली, पेन काढलं, आणि कुठेतरी एक बरोबरची खूण केली. मग त्यांनाच हसू आलं आणि त्यांनी ती फाइल बुडाखाली घेतली. वाऱ्यावर जाऊबाईंचे केस उडत होते. यजमान बायकोकडे असे पाहत होते जसं नवीन भिंग पहिल्यांदा डोळ्याला लावावं. आणि चौकशीबाईंना आभाळ ठेंगणं झालं होतं. इतका आनंद त्यांना लेक पहिली आली तेव्हाही झाला नव्हता, हे त्यांनी त्या दुपारी लेकीला स्पष्टच सांगितलं.

पलीकडच्या धक्क्यावर नावाड्याने सासूबाईंना हाताला धरून उतरवलं. त्या वाळूवर उभ्या राहिल्या, चपला काढल्या आणि मनोऱ्याकडे तोंड केलं.

"एवढ्या लांबून आलात, आजी," नावाडी म्हणाला. "कुणाबरोबर? मुलांबरोबर?"

"सुनेबरोबर," सासूबाई म्हणाल्या.

दोन्ही मुलगे मागेच उभे होते, दोन्ही हातांत बॅगा घेऊन. थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं, आणि दोघेही आईच्या मागोमाग वाळूतून चालायला लागले.